रविवारची फेरी

रविवारची दुसरी मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामुदायिक उपासना, संपली की आमच्या चर्चच्या सॅक्रिस्टीत, फादरांच्या तयारीच्या खोलीत, आम्ही पाच-सहा जण जमतो. प्रत्येकाच्या गळ्यात एक छोटी कापडी पिशवी आणि तिच्यात पिक्स नावाची, तळहातात मावणारी, झाकणाची डबी. ज्याच्या यादीत जितके आजारी, तितक्या पवित्र भाकरी फादर डबीत ठेवतात. मग आम्ही पांगतो. कुणी रिक्षाने, कुणी चालत, मी स्कूटीवरून. जे चर्चपर्यंत येऊ शकत नाहीत त्यांच्या घरी ख्रिस्तप्रसाद, म्हणजे आम्ही ख्रिस्ताचं शरीर मानतो ती चकतीसारखी पातळ भाकर, न्यायचा, एवढं हे काम. वसईच्या कॅथलिक गावांत कुणाला त्याचं नवल नाही. पण माझ्या नोकरीतल्या जुन्या मैत्रिणी विचारतात, हे फादर-सिस्टरांचं काम तुझ्याकडे कसं आलं, कोर्स असतो का, पैसे मिळतात का? पैसे मिळत नाहीत. बाकीचं एकदा नीट सांगावं म्हणून लिहायला बसले आहे.

मी मुंबईतल्या एका मोठ्या इस्पितळात नर्स होते, शेवटची काही वर्षं वॉर्डची इन्चार्ज. आमच्या भागातल्या बायका पूर्वी दोन कारणांसाठी पहाटेची लोकल धरायच्या. एक तर दादरला फुलं-भाजी घेऊन, नाहीतर शाळेत-इस्पितळात नोकरीला. सासूबाई टोपलीवाल्या, मी युनिफॉर्मवाली. निवृत्तीनंतर वाडीतला सोनचाफा वेचायला मदत करायची आणि नातवंडं सांभाळायची, याहून मोठा बेत नव्हता.

मार्च 2020 मध्ये चर्चची दारं बंद झाली. 16 नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्याला, राज्यातली प्रार्थनास्थळं उघडली. पुढच्या लाटेत पुन्हा टाळं लागलं ते थेट 7 ऑक्टोबर 2021 ला, घटस्थापनेच्या दिवशी, निघालं. त्या दीड वर्षात मिस्सा मोबाइलवर बघायची सवय तरुणांना लागली. म्हाताऱ्यांना नाही लागली. सासूबाई स्क्रीनसमोर हात जोडून बसायच्या आणि शेवटी विचारायच्या, "आणि प्रसाद?" चर्च उघडलं तेव्हा त्यांचे गुडघे गेलेले होते, आणि घरोघर ख्रिस्तप्रसाद नेणाऱ्या जुन्या माणसांपैकी दोघं राहिली नव्हती.

अशात एका रविवारी फादरांनी मला पायरीवर थांबवलं. म्हणाले, "आजाऱ्यांकडे जायला तुमचं नाव द्यायचं म्हणतो."

मी म्हटलं, "फादर, माझी काय लायकी?"

ते म्हणाले, "लायकीचं मी विचारलंच नाही बाई. रविवारी सकाळी वेळ असतो का, ते विचारतोय."

आमच्याकडे कुठलीही जबाबदारी आली की आधी नाही म्हणायची रीत आहे. पॅरिश कौन्सिलचं पद असो नाहीतर लग्नात टोस्ट म्हणायचा असो, दोनदा नको म्हटल्याशिवाय हो म्हणणारा माणूस आगाऊ ठरतो. फादर आमच्यातलेच, त्यांना ही रीत ठाऊक. त्यांनी दुसऱ्यांदा विचारलंच नाही. आठ दिवसांत सांगा, घरात बोला, प्रार्थना करा, म्हणाले आणि पुढच्या माणसाकडे वळले.

त्या आठवड्यात मी मोशेची गोष्ट पुन्हा वाचली, बायबलातल्या निर्गमचा तिसरा आणि चौथा अध्याय. देव मोशेला इजिप्तच्या गुलामीतून आपल्या लोकांना सोडवायला जा म्हणतो, ती. लहानपणापासून जळतं झुडूप आणि काढलेली पायतणं एवढंच डोक्यात होतं. या खेपेला मी मोशेची उत्तरंच बघत गेले. मी कोण? तुझं नाव काय सांगू? लोकांचा विश्वास बसला नाही तर? माझी जीभ जड आहे. आणि शेवटी, प्रभो, दुसऱ्या कुणाला तरी पाठव. पहिल्या चारही वेळा देव समजावून सांगतो. पाचव्या वेळी त्याला राग येतो. पहिली चार उत्तरं अडचणी होत्या, पाचवं नुसतं अंग काढून घेणं होतं. ‘मी कोण’ या पहिल्या प्रश्नाला देव काय म्हणतो तेही बघण्यासारखं आहे. तू मोठा आहेस, तुला जमेल, असं काही तो म्हणत नाही. मी तुझ्याबरोबर असेन, एवढंच म्हणतो. मोशेच्या लायकीची चर्चा देवाने केलीच नाही. आमच्या फादरांनीही केली नव्हती. आणि याच मोशेबद्दल पुढे गणनेच्या पुस्तकात म्हटलं आहे की पृथ्वीवर त्याच्याइतका नम्र माणूस नव्हता. म्हणजे ‘नको, नको’ म्हणत होता म्हणून तो नम्र ठरला नाही. जाऊन, चाळीस वर्षं लोकांची कुरकुर ऐकून ठरला.

घरात विचारलं. आमचे हे म्हणाले, "बाकी ठीक आहे. तुझा आवाज तेवढा बघ."

"काय झालं माझ्या आवाजाला?"

"वॉर्डातला आहे. आम्हाला सवय झाली. आजाऱ्याकडे जाशील तेव्हा गेटबाहेर ठेवून जा."

सासूबाईंचं म्हणणं वेगळं होतं. आधी त्यांच्याकडे यायचा तो माणूस भला होता, कष्टाळू होता, पण त्याला कायम पुढच्या घरी जायचं असायचं. "हेल्मेट काढायचा नाही," त्या म्हणाल्या. "मी आमेन म्हणायच्या आत उठायचा. येशू आला आणि गेला, मला कळायचंच नाही." मग थोडं थांबून, "तू जाशील तिथे बूड टेकवून बस." फादरांना हो सांगायला हे वाक्य मला पुरलं.

हो म्हटलं की लगेच डबी हातात येत नाही. प्रमुख धर्मगुरू नाव सुचवतात, ते बिशप हाऊसला जातं, मग शिबिर, मग बिशपांचं सहीचं पत्र, आणि पत्रावर मुदत. आमचा धर्मप्रांत 1998 साली मुंबईपासून वेगळा झाला, त्यामुळे बिशप हाऊस जवळच आहे. तरी कागद कागदाच्या चालीने चालतो. आमच्या तुकडीतला एक गृहस्थ पत्र येईना म्हणून वैतागला होता. मला राहून राहून आमच्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया आठवत होते. शाळेत त्यांच्यावर भाषणं पाठ केली होती, पण तेव्हा लक्ष शेवटाकडे, क्रुसाकडे. मधला भाग आता दिसला. वसईत जन्मलेला हा मुलगा, वडील पोर्तुगीज, आई इथली. कोवळ्या वयात येशूसंघीय (जेझुइट) धर्मगुरूंबरोबर जपानला गेला, भाषा शिकला, कित्येक वर्षं धर्मशिक्षकाचं काम केलं. त्याला त्यांच्या संघात यायचं होतं. घेतलं नाही. मग तो व्यापारी झाला, चांगला जम बसला, आणि पुढे मनिलात फ्रान्सिस्कन संघात गेला. तिथेही पुरोहित नव्हे, साधा धर्मबंधू. 1593 मध्ये जपानला परतला तो दुभाषा म्हणून. त्यांच्या तुकडीचे प्रमुख पेद्रो बाप्तिस्ता बोलणार आणि हा ते जपानीत सांगणार. 5 फेब्रुवारी 1597 ला नागासाकीला 26 जणांना क्रुसावर चढवलं, त्यांत तो होता. 1862 मध्ये संत म्हणून जाहीर झाला, भारतात जन्मलेला पहिला. ज्याला एका दारातून परत पाठवलं त्याने तक्रारीचा सूर लावल्याचं कुठे ऐकिवात नाही. मिळालं ते काम केलं, आणि ते काम काय, तर दुसऱ्याचे शब्द पोचवायचे. वैतागलेल्या गृहस्थांना मी हे सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते प्रवचन झालं असतं.

शिबिराचे शनिवार मला आवडले. एक फादर आणि हे काम अनेक वर्षं करणारे एक निवृत्त मास्तर शिकवायचे. पहिल्या तासाला इतिहास. इ.स. 155 च्या सुमारास संत जस्टिन यांनी रोममध्ये लिहून ठेवलं आहे की प्रार्थनेला येऊ न शकलेल्यांकडे डीकन, म्हणजे चर्चचे सेवक, ख्रिस्तप्रसाद घेऊन जात. पुढे शतकानुशतकं ते पुरोहितांपुरतं उरलं, आणि 1973 साली पोप सहावे पॉल यांच्या काळात व्हॅटिकनने सामान्य स्त्री-पुरुषांना परवानगी दिली. सासूबाईंच्या पिढीने गुडघ्यावर बसून जिभेवरच तो घेतला. हात लावायची कल्पनाही नव्हती. आणि आता सून डबीतून आणून देणार. त्यांना हे सांगितलं तर म्हणाल्या, हात धुतेस ना नीट?

बाकी सगळं हाताचं शिक्षण होतं. अभिषेक न केलेल्या साध्या भाकरींवर सराव. डबी उघडायची कशी, कॉर्पोरल नावाचा पांढरा चौकोनी रुमाल पसरायचा कसा, भाकर खाली पडली तर काय, कण बोटाला लागला तर काय. आजाऱ्याच्या घरी एक छोटं टेबल, पांढरं कापड, क्रूस, मेणबत्ती, पेलाभर पाणी एवढं मांडून ठेवायला आधी कळवायचं. चर्चमधून निघाल्यावर वाटेत थांबायचं नाही, बाजारहाट नाही, ओळखीचं भेटलं तरी मान हलवून पुढे. डबी घरी नेऊन ठेवायची नाही. उरलं तर चर्चमध्ये परत. वयस्कर आणि आजारी माणसांना आणि त्यांची काळजी घेणाऱ्यांना तासभराच्या उपासाचा नियम नाही, त्यामुळे चहा प्यायलेली आजी घाबरली तर तिला तसं सांगायचं. गिळायला त्रास असेल तर नखाएवढा तुकडा, चमचाभर पाण्याबरोबर. नाकातून नळी घातली असेल तर तोंडावाटे काही नाही, नुसती प्रार्थना.

यातलं निम्मं मला नोकरीमुळे येत होतं. मास्तरांना ते लगेच कळलं. सरावात मी त्यांच्या हातावर भाकर ठेवली तशी म्हणाले, "सिस्टर, तुम्ही गोळी दिलीत."

बरोबर होतं त्यांचं. वॉर्डात पन्नास पेशंट, हात आपोआप चालतो. गोळी, पाणी, पुढचा बेड. इथे एकच वाक्य म्हणायचं असतं, "ख्रिस्ताचे शरीर", आणि मग समोरच्याच्या "आमेन"ची वाट बघायची. मास्तर मुद्दाम आमेन म्हणायला वेळ लावायचे. कधी खोकायचे, कधी खिडकीबाहेर बघायचे. माझा हात मध्येच तरंगत राहायचा. भाकर वजनाला काहीच नसते, तरी हात भरून यायचा.

आणखी एक गोष्ट त्यांनी पक्की करून घेतली, ती म्हणजे आपलं काय नाही ते. प्रवचन आपलं नाही. सल्ला आपला नाही. कुणी पापकबुलीचं बोलू लागलं तर ऐकत बसायचं नाही, अदबीने थांबवून फादरांना कळवायचं. आजाऱ्याला तेल लावायचा संस्कार पुरोहिताचाच, आपल्याला तेलाच्या बाटलीलाही हात लावायचा नाही. आणि शेवटचा आशीर्वाद. फादर हात उंचावून समोरच्यावर क्रुसाची खूण करतात. आपण तसं करायचं नाही. आपण देवाचा आशीर्वाद मागायचा आणि क्रुसाची खूण स्वतःवर करायची. ऐकायला ही बारीक बाब वाटते. पण अंधाऱ्या खोलीत एखादी आजी डोळे मिटून आशीर्वादासाठी मान पुढे करते तेव्हा हात आपसूक वर जायला बघतो. तो खाली आणून आपल्याच कपाळाला लावायचा. मला वाटतं, सगळ्या शिबिरात नम्रतेवर जे काही सांगितलं गेलं त्यापेक्षा या एका हालचालीत जास्त होतं.

पत्र आलं. ख्रिस्तशरीराच्या सणाच्या रविवारी मिस्सात आम्हाला वेदीसमोर बोलावलं. फादरांनी संत पौलाने इफिसकरांना लिहिलेल्या पत्राचा चौथा अध्याय घेतला. तुम्हाला झालेल्या पाचारणाला, देवाच्या बोलावण्याला, शोभेल असं वागा, पूर्ण नम्रतेने आणि सौम्यतेने, सहनशीलतेने एकमेकांना सांभाळून घ्या, असं पौल लिहितो. लिहितो कुठून, तर कैदेतून. ‘मी बंदिवान’ अशी त्या अध्यायाची सुरुवातच आहे. फादर म्हणाले, हे तुम्हा उभ्या राहिलेल्यांना वाटतंय तुमच्यासाठी आहे. पण तुम्ही ज्यांच्याकडे जाणार आहात ते खरे बंदिवान, कुणी पलंगाला, कुणी व्हीलचेअरला. पाचारण आधी त्यांना आहे.

तेव्हा ते छान वाक्य म्हणून ऐकलं. कळलं ते घरोघरी गेल्यावर.

पहिलं घर पक्षाघाताच्या आजोबांचं. बावखलाच्या, म्हणजे गावतळ्याच्या, कडेने जाणारी वाट, पडवीत केळीचे घड टांगलेले, आत खाटेवर ते. उजवी बाजू गेलेली. सुनेने टेबलावर पांढरं कापड घातलं होतं, त्याला इस्त्रीची घडी मोडलेलीही नव्हती. शांतीचा संदेश, पश्चात्तापाची प्रार्थना, शुभवर्तमानातल्या चार ओळी, प्रभूची प्रार्थना, एवढं झालं. मग शुभवर्तमानातल्या शताधिपतीचे, त्या रोमी सैनिक अधिकाऱ्याचे, ते शब्द, ‘प्रभो, तू माझ्या छपराखाली यावंस अशी माझी लायकी नाही’. चर्चमध्ये आम्ही ते दर रविवारी म्हणतो, पण तिथे छप्पर चर्चचं असतं. इथे वर बघितलं तर खरंच कौलं, एका जागी पावसाचा ओघळ, आणि खाटेवरचा माणूस ते अर्ध्या तोंडाने म्हणतो आहे. मी "ख्रिस्ताचे शरीर" म्हटलं. त्यांचे ओठ मिटले. ‘म’ तयार होता, ‘आ’ निघेना. डावा गाल हलला, जबडा थोडा उघडला, पुन्हा मिटला. सून म्हणाली, "द्या हो, त्यांना कळतंय." मी मान हलवली आणि थांबले. मास्तरांनी हात भरून येईपर्यंत का थांबवलं होतं ते तिथे समजलं. शेवटी जो आवाज आला त्याला आमेन म्हणायला कान लागतात. पण तो त्यांचा होता, सुनेचा नव्हे आणि माझाही नव्हे. आजोबांनी मग डोळ्यांनीच तुकडा मागितला.

सौम्यता म्हणजे गोड बोलणं, असं आपण धरून चालतो. गोड बोलायला नर्सला शिकवावं लागत नाही. "चला आजी, शाब्बास, झालं हं", हे मी झोपेतही म्हणेन. पण ते गोड बोलणं काम उरकण्यासाठी असतं. या घरांत उरकायचं काहीच नसतं. माझ्या यादीतल्या एका बाईंना आठवण राहत नाही. मुलीला त्या ‘सिस्टर’ म्हणतात आणि मला आपली धाकटी बहीण समजतात. सुरुवातीला त्यांची मुलगी दर वेळी दुरुस्ती करायची, "आई, ही चर्चमधून आलीय, मावशी नाही". बाई ओशाळायच्या. मी मुलीला म्हटलं, असू दे. आता मी गेले की त्या आधी माहेरच्या विहिरीचं विचारतात, पाणी आहे का, रहाट दुरुस्त केला का. मी आहे म्हणते. मग प्रार्थना सुरू करते. मराठी मिस्सा व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेनंतर, 1960च्या दशकात आली. बाईंचं बालपण त्याच्या आधीचं, लॅटिन मिस्साचं. त्यामुळे मराठी प्रार्थनेला त्या गप्प असतात आणि मध्येच पवित्र साक्रामेंताचं लॅटिन गीत पहिल्यापासून शेवटपर्यंत, चालीसकट म्हणतात. विधीत ते त्या जागी नाही. मी संपेपर्यंत बसते.

अंगवळणी पडलेली एक गोष्ट मात्र मला ठरवून बाजूला ठेवावी लागली. नर्सची नजर. खोलीत शिरताच वास येतो, चादर कशी आहे दिसतं, टाचेला फोड आलाय हे लांबून कळतं. हात शिवशिवतात. मी मास्तरांना विचारलं होतं, अशा वेळी काय करू? ते म्हणाले, "तुम्ही ठरवा, पण दोन्ही कामं एकाच हाताने करू नका." मी असं ठरवलं की रविवारी चादर उचलायची नाही. रविवारी त्यांच्या घरी येतो तो येशू, मी फक्त त्याला घेऊन आलेली. फोड दिसला तर सुनेला निघताना हळूच विचारते, "मंगळवारी येऊ का जरा?" मंगळवारी मी ड्रेसिंगचं सामान घेऊन जाते आणि त्या दिवशी माझा वॉर्डातला आवाजही चालतो. एका घरी मुलगा म्हणाला, रविवारीच बघा ना, आलाच आहात तर. नाही म्हटलं. आजीला रविवारचे ते थोडे क्षण पेशंट व्हायचं नसतं.

थोडं परखड लिहिते. आमच्यातल्या काहींना मिस्साच्या वेळी वेदीजवळ उभं राहून ख्रिस्तप्रसाद वाटायला आवडतं, घरच्या फेरीची पाळी आली की त्यांचे पाहुणे येतात. तिथे चांगली साडी असते, सगळा गाव बघत असतो. इथे डासांची कॉइल, मुताचा वास आणि एक कुत्रा. मला त्यांचा राग येत नाही असं नाही. पण एकदा मी यावर फादरांपुढे जरा जोरात बोलू लागले, तर त्यांनी शांतपणे विचारलं, "मग त्यांची दोन घरं तुमच्या यादीत घालू?" घातली.

त्या वाढीव घरांपैकी एकात एक आजी आहेत, नव्वदीच्या पुढच्या, डोळे गेलेले, पाय गेलेले. त्या ख्रिस्तप्रसाद घेतात, पाणी पितात आणि मग मला विचारतात, "यादी सांग." पहिल्यांदा मला कळेना कसली यादी. त्यांना माझ्या पुढच्या घरांची नावं हवी असतात. आठवडाभर त्या प्रत्येकासाठी जपमाळेचं एक दशक, म्हणजे दहा मण्यांची प्रार्थना, म्हणतात, माझ्यासाठीही. गेल्या पावसाळ्यात माझी स्कूटी घसरली आणि मी घरी बसले, तर मुलाकरवी निरोप आला, ‘तुझं दशक वाढवलंय’. पाचारण आधी त्यांना आहे, हे फादरांचं वाक्य तेव्हा ध्यानात आलं. मी पोचवणारी, त्या आठवडाभर राबणाऱ्या.

एक घर असं आहे जिथे मी डबी उघडत नाही. काका सत्तरीच्या पुढचे, एकटे. चर्चशी त्यांचं जुनं भांडण आहे, जमिनीच्या कुंपणावरून निघालेलं आणि पुढे वाढत गेलेलं. चूक कुणाची ते मी विचारलेलं नाही. पायाचं ऑपरेशन झाल्यावर शेजाऱ्यांनी त्यांचं नाव परस्पर आजाऱ्यांच्या यादीत दिलं. मी गेले, तर दारातच म्हणाले, "मला नकोय. तुमच्या फादरला सांग."

"बरं," मी म्हटलं. "पुढच्या रविवारी नुसतं येऊ का? मास्तरांनी सांगितलंय, वाटेत थांबू नकोस. तुमचं घर शेवटी ठेवते, म्हणजे थांबता येईल."

त्यांना काय उत्तर द्यावं कळलं नाही. मी तो रस्ताच तसा आखून घेतला. शेवटच्या आजाऱ्याकडे डबी पाण्याने विसळायची, ते पाणी पिऊन टाकायचं, रुमाल घडी करायचा, आणि मग काकांकडे. रिकाम्या डबीने गेलं की चहाला हो म्हणता येतं. काका चहा स्वतः करतात, आलं ठेचून, साखर जास्त. पावसाचं बोलतात, महापालिकेला शिव्या देतात, फुलांचा भाव विचारतात. मी धर्माचं बोलत नाही, ते बोलले तर ऐकते. फादरांना सगळं सांगून ठेवलं आहे. ते म्हणाले, जात राहा. काकांनी अजून ख्रिस्तप्रसाद मागितलेला नाही. मला उशीर झाला की मात्र फोन येतो.

आता माझ्या पत्राची मुदत संपत आली आहे. फादर वाढवून देतो म्हणाले. मी म्हटलं, नवीन नावं आली आहेत, आधी त्यांना द्या. राहिलं तर मी आहेच. या खेपेला हे रीतीचं नको नव्हतं. एक आयटीतला मुलगा तयार झाला आहे, मोटारसायकलवाला, मनाने साधा. गेले दोन-तीन रविवार तो माझ्याबरोबर येतो. मी त्याला घरं दाखवली. बावखलाकडच्या आजोबांच्या डाव्या बाजूला बस, उजवीकडचं त्यांना दिसत नाही. विहिरीचं विचारलं तर पाणी आहे म्हण. नव्वदीच्या आजींना नावं हळू सांग, त्या मनात लिहून घेतात. हेल्मेट गेटवर काढ, फोन सायलेंट नको, बंदच कर. त्याने हे सगळं मोबाइलमध्ये टिपून घेतलं आणि शेवटी म्हणाला, "आँटी, पण काका तर यादीत नाहीत."

"नाहीत."

"मग मी कोण म्हणून जाऊ?"

"तू फक्त आधी फोन कर," मी म्हटलं. "अकरानंतर जा, तोवर त्यांचं दूध आलेलं असतं. आणि साखर कमी सांग, नाहीतर चार चमचे घालतात."

"आणि त्यांनी हाकललं तर?"

"मलाही हाकललं होतं. पुढच्या रविवारी परत जा."